सकाळी सहा ते आठ पडणारा सर्व्हर आणि वायरशार्क

वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहितीची पुडकी (पॅकेट) उघडून दाखवणारं साधन, मी २०११ पासून वापरते आहे. त्याच्याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं ते मात्र २०२२ च्या जूननंतर. त्या महिन्यात सलग सतरा दिवस आमचा सर्व्हर रोज सकाळी थोडा थोडा पडत होता. पूर्ण बंद पडता तर बरं झालं असतं, कारण बंद पडलेल्या गोष्टीचं कारण तासाभरात सापडतं. हा चालायचा, अडकायचा, पुन्हा चालायचा. अशा वेळी कोणतं साधन खरंच कामाला येतं आणि कुठे कमी पडतं, हे मला त्या सतरा दिवसांत कळलं. म्हणून हा अभिप्राय नुसत्या वैशिष्ट्यांचा नाही. एका दुखण्याची हकीकतही यात येणार.

आधी काम काय ते सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अकराशेच्या आसपास दूध संस्थांचं संकलन आमच्या सर्व्हरवर चढतं. सभासद कॅन घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) मोजतं, ते आकडे सर्व्हरकडे जातात, सर्व्हर दर परत पाठवतो आणि मग पावती निघते. प्रत्येक सभासदामागे दोन जोडण्या. सगळी गर्दी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी त्याच सुमारास. मधल्या वेळेत सर्व्हर जवळपास रिकामा असतो.

बहुतेक संस्थांत विंडोजचा संगणक आहे. त्या वर्षी मे महिन्यात एकशे साठ संस्थांमध्ये नवं छोटं मशीन बसवलं. आत लिनक्स, इंटरनेट मोबाइलच्या सिमवर, बॅटरी नाही. हे तपशील लक्षात ठेवा. मी ते तेव्हा एकत्र मांडले असते तर निम्मे दिवस वाचले असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पावणेसातला आजऱ्याकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, नुसती चाकी फिरतीया. दोन पावत्या निघाल्या, तिसरी निघंना. माणसं दारात थांबल्यात." मी पिंग केलं, म्हणजे सर्व्हर हाकेला उत्तर देतो का ते पाहिलं, व्यवस्थित. ब्राउझरमधून पान उघडलं, झटक्यात उघडलं. "आता बघा," म्हटलं तर ते म्हणाले, "आता निघाली." दुसऱ्या दिवशी राधानगरीकडून फोन, तिसऱ्या दिवशी भुदरगडातून चार. रोज वीस-पंचवीस संस्था, आणि रोज वेगळ्या. आठ वाजले की सगळं शांत. दहा दिवसांच्या बिलावर घर चालवणाऱ्या बाईला पावतीसाठी पाऊण तास ताटकळत उभं राहावं लागतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

मधले दिवस भराभर सांगते. सीपीयू वीस टक्के. मेमरी भरपूर. डेटाबेसच्या मंद क्वेऱ्यांची नोंद कोरी. एनजिनएक्सच्या, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या मागण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये त्या अडकलेल्या पावत्यांचा मागमूसही नाही. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मी उशिरा लावला. जोडणी एनजिनएक्सपर्यंत पोचतच नव्हती. लॉग कोरा असणं हाच पुरावा होता, आणि मी 'लॉगमध्ये काही नाही' म्हणून पुढे गेले.

एमटीआर चालवून पाहिलं. हे साधन वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट हरवतात ते दाखवतं. वाटेतल्या एका राउटरवर तीस टक्के पॅकेट हरवलेली दिसली आणि आमच्याकडे सगळ्यांना हायसं वाटलं. होस्टिंगवाल्यांना पत्र गेलं, दोन दिवस वादावादी झाली. चूक आमची होती. मधल्या टप्प्यावर नुकसान दिसतं आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, याचा अर्थ तो मधला राउटर स्वतः उत्तर द्यायला आळस करतो एवढाच. राउटरचं काम पॅकेट पुढे पाठवणं. आपल्या चौकशीला उत्तर देणं त्याच्यासाठी दुय्यम असतं आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. एमटीआर उत्तम साधन आहे, पण शेवटची ओळ आधी वाचावी.

मग एका रात्री सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून ठेवला. वायरशार्कचा अभिप्राय टीसीपीडम्पशिवाय अपुरा राहील, कारण सर्व्हरवर चित्रमय खिडकी उघडता येत नाही. पकडायचं काम टीसीपीडम्पचं, वाचायचं वायरशार्कचं. पकडताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, पॅकेटचे पहिले ९६ बाइटच घ्यायचे. इथरनेटचे १४, आयपीचे २० आणि टीसीपीचे जास्तीत जास्त ६० मिळून ९४ होतात, म्हणजे शीर्षक (हेडर, पत्ते आणि क्रमांकांचा भाग) पूर्ण येतं आणि सभासदाचा आतला मजकूर आपल्याकडे जवळपास येतच नाही. डिस्क वाचते, आणि दुसऱ्याची माहिती विनाकारण साठवली जात नाही. दोन, पन्नास एमबीच्या चाळीस फायली आलटून पालटून लिहायला सांगायचं. जुनी आपोआप पुसली जाते आणि दोन जीबीच्या वर काही वाढत नाही. तीन, थांबवल्यावर तो जो आकडा छापतो, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) किती पॅकेट टाकून दिली, तो शून्य आहे का ते पाहायचं. शून्य नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण वाळूवर उभं राहतं.

सकाळी फाइल वायरशार्कमध्ये उघडली. फिल्टर लावून फक्त सिन पॅकेट ठेवली, म्हणजे जोडणी सुरू करायची पहिली हाक. बहुतेक हाकांना लगेच होकार, म्हणजे सिन-अ‍ॅक गेलेलं. पण अधूनमधून काळ्या पट्ट्या, लाल अक्षरं. एकाच मशीनची हाक पुन्हा पुन्हा: सुरुवातीला, मग १ सेकंदाने, मग ३, ७ आणि १५ व्या सेकंदाला. लिनक्स असाच वाट पाहतो, दर खेपेला दुप्पट. विसाव्या सेकंदाला मशीनवरचा प्रोग्रॅम दमून 'जोडणी होत नाही' दाखवत होता. आणि आमच्या बाजूने पाचही हाकांना काहीच उत्तर नाही. नकारसुद्धा नाही.

वायरशार्कचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं देणं हे. 'तुमच्याकडून की आमच्याकडून' हा वाद पाच ओळींनी संपवला. पाहुणा दारात आला होता, पाचदा कडी वाजवली होती, घरातून कोणी ओ दिली नव्हती. मी होस्टिंगवाल्यांना त्याच दुपारी लिहून कळवलं की दोष आमच्या घरात आहे.

पण दारात आला म्हणजे घरात आला असं नाही. टीसीपीडम्प आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहतो. म्हणून फायरवॉलने अडवलेली हाकही फाइलमध्ये दिसते. नियम तपासले, निर्दोष. कर्नलच्या नोंदीत 'कॉनट्रॅक टेबल भरलं', म्हणजे चालू जोडण्यांची यादी भरली, असा संदेश शोधला, नव्हता. ऐकणाऱ्या सॉकेटची, म्हणजे आत घ्यायची वाट पाहणाऱ्या जोडण्यांची, रांग ओसंडली का पाहिलं, तीही नव्हती. गर्दीतल्या सर्व्हरवर अधूनमधून जोडण्या पडू लागल्या की हीच तीन कारणं पहिल्यांदा तपासायची. तिन्ही कोरी निघाली तेव्हा मला खरंच भीती वाटली.

सतराव्या दिवशी पहाटे पाचला मी आजऱ्याकडे निघाले. त्या संस्थेतल्या मशीनचं सिम माझ्या डोंगलमध्ये घातलं, डोंगल लॅपटॉपला, आणि लॅपटॉपमधून केबलने मशीनला इंटरनेट दिलं. लॅपटॉपवर वायरशार्क, सर्व्हरवर टीसीपीडम्प. दोन्हीकडची घड्याळं आधीच जुळवलेली. सहा पन्नासला पावती अडकली. सचिव माझ्याकडे आणि मी पडद्याकडे बघत होते.

आता दोन्ही फायलींमधलं एकच पॅकेट ओळखायचं होतं. मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते. वाटेत पत्ता बदलतो, पोर्टही बदलतो. जोडणीतल्या बाइटांचा सिक्वेन्स क्रमांक वायरशार्क मुळात शून्यापासून मोजून दाखवतो, त्यामुळे सगळ्या सिनपुढे शून्यच दिसतं. खरा आकडा वेगळ्या ओळीत असतो. तो घेतला. जोडीला टीसीपीचा टाइमस्टॅम्पही घेतला, टीएसव्हॅल नावाचा. पाठवणारं मशीन आपल्या आतल्या मोजणीचा आकडा त्यात घालतं आणि तो वाटेत सहसा तसाच राहतो. तपशिलात त्या ओळीवर उजवं क्लिक केलं आणि 'अ‍ॅप्लाय अ‍ॅज कॉलम' निवडलं. मला तो आकडा फक्त ओळख पटवायला हवा होता.

कॉलम दिसला आणि मी सर्व्हरच्या फाइलमध्ये त्या सार्वजनिक पत्त्यावरून आलेल्या सगळ्या हाका गाळून घेतल्या. त्या पत्त्यामागे आमची तीन मशीन होती. एकाचे आकडे १४ कोटींच्या घरात. त्याला प्रत्येक वेळी उत्तर. आमच्या समोरच्या मशीनचे १२ लाखांच्या घरात. मोठ्या आकड्याच्या मशीनची जोडणी संपल्यावर मिनिटाच्या आत छोट्या आकड्याची हाक आली तर उत्तर नाही. मिनिट उलटून गेलं असेल तर उत्तर आहे. विंडोज संगणकांच्या ओळीत तो कॉलम रिकामाच. ते टाइमस्टॅम्प पाठवतच नव्हते, आणि त्यांची एकही तक्रार आलेली नव्हती.

त्या मशीनमधलं लिनक्स जुनं होतं, त्यामुळे हा आकडा मशीन सुरू झाल्यापासून सेकंदाला शंभराने वाढतो. १४ कोटी म्हणजे सोळा दिवस अखंड चालू. १२ लाख म्हणजे साडेतीन तासांच्या आत. मी सचिवांना विचारलं, "पहाटे लाइट गेली होती का हो?" ते म्हणाले, "गेलती की. रातभर नव्हती, तीन-साडेतीनला आली." पावसाळ्याचे दिवस, डोंगराकडची गावं. ज्या गावात रात्री लाइट गेली त्या गावाचं मशीन सकाळी पडत होतं. म्हणून रोज वेगळी गावं.

तिथेच बसून मी सर्व्हरवर नेटस्टॅटची सांख्यिकी काढली, म्हणजे कर्नल नेटवर्कबद्दल ठेवतो ती मोजणी. शेकडो ओळींमध्ये एक ओळ होती, टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्यांची. पाच मिनिटांनी पुन्हा काढली. आकडा वाढला होता. मग सिसकंट्रोलची, म्हणजे कर्नलच्या सेटिंगांची, फाइल उघडली. टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल नावाची सेटिंग १ वर होती. कित्येक वर्षांपूर्वी 'सर्व्हर वेगवान करा' अशा कुठल्याशा यादीतून कोणीतरी ती टाकली होती. गर्दीच्या वेळी बंद झालेल्या जोडण्या टाइम-वेट अवस्थेत साठिक सेकंद पडून राहतात. आमच्याकडे त्या दोन-अडीच हजार दिसायच्या, त्या कुणाच्या तरी डोळ्यात खुपल्या असणार. वास्तविक त्यांचा काही त्रास नव्हता.

ही सेटिंग चालू असली की कर्नल प्रत्येक पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवतो, आणि त्याच पत्त्यावरून मिनिटाच्या आत त्याहून लहान आकडा आला तर ते जुनं, भरकटलेलं पॅकेट समजून गुपचूप टाकून देतो. एका पत्त्यामागे एकच मशीन असेल तर हा तर्क बरोबर आहे. एका पत्त्यामागे तीन गावं असतील तर प्रत्येकाचं घड्याळ निराळं, आणि ज्याचं घड्याळ मागे त्याचा बळी. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत नॅटमागच्या, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असलेल्या, ग्राहकांसाठी ही सेटिंग वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून ती काढूनच टाकली. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ चा, कर्नल ३.१०, म्हणून ती अजून जिवंत. मे महिन्यापर्यंत टाइमस्टॅम्प पाठवणारी मशीन एका पत्त्यामागे जमलीच नव्हती, म्हणून ती वर्षानुवर्षं झोपून होती.

एकाचा शून्य केला. सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागला नाही. समोरच्या मशीनमधून पावती निघाली, मग दुसरी, मग रांग हलली. सचिवांनी मला चहा दिला आणि त्यात धारोष्ण म्हशीचं दूध होतं. इतका चांगला चहा मी त्या वर्षात प्यायले नव्हते.

आता साधनाबद्दल नीट. वायरशार्कची सुरुवात १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी इथिरियल या नावाने केली. नावाच्या हक्कामुळे २००६ मध्ये ते बदलून वायरशार्क झालं. टीसीपीडम्प त्याहून दहा वर्षांनी थोरला, १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेला. दोन्ही फुकट, दोन्हींचा स्रोत खुला. कोल्हापुरातल्या सात माणसांच्या कंपनीला जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीइतकंच चांगलं साधन हातात मिळतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

कॉलमची सोय ही माझ्या मते त्याची सर्वांत मोलाची गोष्ट. कोणत्याही प्रोटोकॉलचं कोणतंही क्षेत्र दोन क्लिकमध्ये कॉलम होतं. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फिल्टर देतो. न विचारलेला प्रश्न कॉलममध्ये नजरेस पडतो. मला टीएसव्हॅलवर कधीच संशय आला नसता. तो रांगेत उभा दिसला म्हणून कळलं. खालोखाल आयओ ग्राफ. पुन्हा पाठवलेल्या सिनचा आलेख मिनिटागणिक काढला की सहा ते आठमधला उंचवटा कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. निरनिराळ्या कामांसाठी वेगळे प्रोफाइल ठेवता येतात. 'जोडणी पडते' नावाचं माझं प्रोफाइल मी प्रत्येक नव्या संगणकावर पहिल्यांदा घालते.

तक्रारीही आहेत, आणि त्या साध्या नाहीत. पकडताना लावायच्या फिल्टरची भाषा वेगळी आणि पाहताना लावायच्या फिल्टरची वेगळी. दोन्ही एकाच खिडकीत, सारख्याच दिसणाऱ्या पट्टीत. अकरा वर्षांनंतरही मी चुकते आणि नवखी मुलं तर हमखास अडकतात. दुसरं, मोठी फाइल उघडली की तो प्रत्येक पॅकेटची नोंद मेमरीत ठेवतो. एक जीबीची फाइल आठ जीबीच्या लॅपटॉपला गुडघ्यावर आणते. अशा वेळी वायरशार्कच्याच सोबतच्या, खिडकीशिवाय चालणाऱ्या टीशार्कने आधी गाळून घ्यावी किंवा एडिटकॅपने तुकडे करावेत. तिसरं, रंग. काळं-लाल दिसलं की माणूस घाबरतो, पण त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. आपल्याच सर्व्हरवर पकडलेल्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटमध्ये चेकसम (चूक पकडायची बेरीज) चुकीचं असतं, कारण ते पुढे नेटवर्क कार्ड भरतं. पॅकेट १५०० बाइटहून मोठी दिसतात तीही कार्डाच्याच कृपेने. हे कार्यक्रमाने ठळकपणे सांगायला हवं. आणि ऑक्टोबर २०२२ च्या ४.० आवृत्तीत तपशील आणि बाइट शेजारीशेजारी आणले, तो बदल माझ्या छोट्या पडद्यावर मला पटला नाही. मी जुनी मांडणी परत लावून घेतली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायरशार्क 'काय झालं' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. टाइमस्टॅम्पवरून हाक नाकारली हे पॅकेटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते कर्नलच्या मोजणीत लिहिलेलं होतं. म्हणून त्याच्या जोडीला नेटस्टॅटची किंवा त्याच जातीच्या एनस्टॅटची मोजणी पहिल्या दिवसापासून दर मिनिटाला लिहून ठेवा. मी ते केलं असतं तर वाढणारी ती एकच ओळ मला तिसऱ्या दिवशी दिसली असती. आता आमच्या प्रत्येक सर्व्हरवर ही नोंद चालू असते, आणि ती दोन जीबीची फिरती पकडही.

आमच्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी कामाला आली की त्या सकाळची फाइल मी उघडायला देते. टीएसव्हॅलचा कॉलम काढून टाकलेला असतो. एवढंच सांगते की एका पत्त्यामागे तीन गावं आहेत आणि एका गावात रात्री लाइट गेली होती. गेल्या खेपेच्या मुलीने पावणेदोन तासांत तो कॉलम स्वतः शोधून लावला आणि मला हाक मारली.